शेवट न पाहिलेल्या खेळाची पाटी

खोका तोकुकोनेच फोडला. मुख्य कचेरीतून आलेला, चपटा, हलका. आत नव्या वर्षाची पोस्टरं असतील असं तिला वाटलं. वरचा कागद बाजूला सारला आणि आतून तिचंच अक्षर बाहेर आलं.

तिचंच. गोल पोटाचं, शेपट्या वर उचललेलं, शेवटच्या शब्दाखाली टेकू दिल्यासारखी जाड रेघ. ओसाकाच्या निप्पोनबाशीतल्या या व्हिडिओ गेमच्या दुकानात ती अठरा वर्षं पुठ्ठ्यावर जाड पेनाने पाट्या लिहीत आली होती. कोणता खेळ कसा आहे, कुणी घ्यावा, कुणी त्याच्या वाटेलाही जाऊ नये, हे चार ओळींत. आपलं अक्षर माणसाला ओळखू येणार नाही का? पण शब्द तिचे नव्हते.

'शेवटी मी ढसाढसा रडले! जिवाला जीव देणारे सोबती, कधीही न विसरता येणारा प्रवास. यंदाची सर्वांत हृदयस्पर्शी आरपीजी! – निशिवाकी, निप्पोनबाशी शाखा.'

खेळाचं नाव 'उत्तरेची राख'. अमेरिकेतून आलेला. बाजारात यायचा होता गुरुवारी, आणि हा होता मंगळवार.

"तेन्चो!"

तेन्चो म्हणजे दुकानाचा मॅनेजर, ओमिचि. मागच्या खोलीत भाताचा गोळा अर्धा तोंडात, अर्धा हातात घेऊन बसला होता. तो तसाच बाहेर आला.

"हे काय आहे?"

"पाटी आहे."

"मला दिसतंय पाटी आहे. लिहिली कुणी?"

ओमिचिने चष्मा कपाळावर चढवला, पुठ्ठा नाकाशी नेला. "तुम्हीच की, निशिवाकीसान."

"मी? हा खेळ अजून कुणी डोळ्यांनी पाहिला नाही, आणि मी त्याचा शेवट बघून रडून मोकळी झाले?"

मग ओमिचिने भात गिळला आणि जमिनीकडे बघत सांगून टाकलं. कचेरीने तिच्या दोनशे जुन्या पाट्या मागवल्या होत्या, आठवतं ना, सप्टेंबरात? प्रदर्शनासाठी म्हणून? त्यावरून कॉम्प्युटरमध्ये अक्षराचा साचा बनवलाय. आता त्यात काहीही लिहिता येतं. चौतीस दुकानांत ह्या पाट्या गेल्या आहेत. "एका परीने मानच आहे हो हा."

"मान? तेन्चो, उद्या मी तुमच्या नावाचा शिक्का कोरून घेतला आणि गावभर कागदांवर उठवत फिरले, तर तुम्हाला मान वाटेल?"

ओमिचिने उरलेला गोळा तोंडात कोंबला. जपानात सहीच्या जागी माणसाचा शिक्का चालतो, तो उठला की घरसुद्धा विकलं जातं.

तोकुको निशिवाकी तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती. सतराव्या वर्षी ती इझुमिसानोच्या टॉवेल गिरणीत लागली, एकतिसाव्या वर्षी गिरणीला टाळं लागलं. त्या हिवाळ्यात बरोबरच्या एका बाईने तिला आपल्याकडचं जुनं गेमचं यंत्र दिलं आणि एक आरपीजी दिली. आरपीजी म्हणजे ज्यात आपण दुसरंच कुणीतरी होऊन साठ-सत्तर तास एक अख्खं आयुष्य काढायचं, तो खेळ. नोकरी नाही, नवरा आधीच निघून गेलेला, आणि पडद्यावर चार माणसं एका बोटीतून जग वाचवायला निघालेली. तिने तो खेळ शेवटपर्यंत खेळला. ज्या मालकांनी गिरणी विकताना कामगारांना साधं वाकून नमस्कारही केला नव्हता, त्यांच्यापेक्षा ती चार चित्रं तिला जास्त माणसात आलेली वाटली. वसंतात ती या दुकानात लागली.

पाट्या ती मनानेच लिहायला लागली. लोक विचारत, हा कसा आहे हो, तो कसा आहे. दहादा तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवलं. दुसऱ्या वर्षी एक चूक झाली. वीस तास खेळून तिने एका खेळाची आरती ओवाळली. त्या खेळाचे शेवटचे दहा तास नुसता कचरा होता, घाईत गुंडाळलेला. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी तो खेळ घेऊन गेलेली एक बाई महिन्याने परत आली. भांडली नाही. डबी काउंटरवर ठेवली, कमरेतून वाकली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तोकुकोचा नियम झाला: शेवट पाहिल्याशिवाय पाटी नाही. कंपनी कितीही मोठी असो, पोस्टर कितीही चकचकीत असो. म्हणून तिच्या पाट्या खेळ येऊन महिना-दीड महिना झाल्यावर लागत, आणि म्हणूनच लोक थांबत. सकई, अमागासाकीसारख्या शेजारच्या शहरांतून येऊन लोक विचारत, "निशिवाकीने लिहिलं का काही?"

हा विश्वास कचेरीने सप्टेंबरात खोक्यात घालून नेला होता. फुकट.

बुधवारी तिने आपल्या दुकानातली पाटी फाडली. चार तुकडे केले. उरलेल्या तेहतीस दुकानांचं काय करणार होती ती?

गुरुवारी सकाळी कचेरीतला विक्री बघणारा कुरामोची स्वतः आला. वय एकतीस, टोकियोचा, बूट असे की त्यात तोंड बघावं. पाटीची जागा रिकामी दिसली तसा तो हसला. टोकियोची माणसं रागावण्याआधी हसतात.

"निशिवाकीसान, तुमच्या पाटीखालचा माल इतर मालाच्या तिप्पट खपतो, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे. का खपतो ते तुम्हाला माहीत आहे?"

"अक्षर आपुलकीचं आहे."

"अक्षर!" तोकुको म्हणाली. "अहो, अक्षर माझ्या मावशीचंही छान होतं. तिच्याकडून कुणी भाजी घेत नव्हतं."

ओमिचिला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. कुरामोचीने बॅगेतून कागद काढले. जगात काय खपतं त्याचा तक्ता. पाश्चात्य आरपीजीचे खांब छताला टेकलेले, जपानीचे गुडघ्याएवढे. "बाहेर उघड म्हणतात, जपानी आरपीजी संपली. तीच ती पोरं, तेच ते केस, तीच ती मैत्री. आणि आपल्या दुकानात? इथे हा तक्ता उलटा टांगावा लागतो. जगात कोटींनी खपणाऱ्या खेळाच्या निप्पोनबाशीत शंभर डब्या जात नाहीत. ही लाज आहे."

"कोण म्हणतं संपली? वीस वर्षं आपल्याच खेळांवर वाढले आणि आता आपल्यालाच शिकवतात होय? आणि समजा संपली. तर खरं सांगून विका ना त्यांचा खेळ! मी रडले म्हणून कशाला सांगता?"

"कारण इथलं गिऱ्हाईक रडण्यासाठीच आरपीजी घेतं."

हे त्याने इतक्या थंडपणे सांगितलं की तोकुकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाईक! जणू रांगेत उभी केलेली मेंढरं. ही नाही चरत, दुसरा पाला टाका, नाव पहिल्या पाल्याचंच सांगा.

"माझं नाव काढा त्यावरून."

"पाट्या तुम्ही दुकानाच्या वेळेत, दुकानाच्या पेनाने लिहिल्यात," कुरामोची म्हणाला. "त्या दुकानाच्या आहेत." आणि बॅगेतून नवी पाटी काढून त्याने स्वतःच्या हाताने लावली. ओमिचि बघत राहिला. ओमिचिने आयुष्यभर तेच केलं.

दुपारी हिरोबेसान आले. सत्तरीचे, ट्रॅम चालवून निवृत्त झालेले, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. प्रत्येक आरपीजीत चार सोबत्यांपैकी जखमा बऱ्या करणारी जी बाई असते, तिला ते बायकोचं नाव देत, किनुए. तोकुको तेव्हा वरच्या मजल्यावर माल लावत होती. ती खाली आली तोवर ते डबी घेऊन निघून गेले होते. पाटी होती, अक्षर ओळखीचं होतं, विचारायचं कशाला?

दोन आठवड्यांनी ते परत आले. डबी काउंटरवर ठेवली. डबी ठेवण्याची ती पद्धत तोकुकोने सोळा वर्षांपूर्वी पाहिली होती.

"नेचान," ते म्हणाले. दुकानातल्या बाईला ओसाकाचे म्हातारे अशी 'ताई' म्हणूनच हाक मारतात, तिचे केस पिकले तरी. "नेचान, मला तुरुंगात टाकलं."

"काय?"

"पहिल्याच गावात. एका घरात गेलो. कपाट उघडलं, पाव होता, घेतला. टेबलावर चार नाणी होती, घेतली. घेतातच की! तर घरची बाई किंचाळायला लागली. शिपाई आले. पळालो तर बाण मारला. तुरुंगातून सुटलो तर गावात कुणी बोलेना. दुसऱ्या गावात गेलो, म्हटलं इथे तरी सोबती भेटतील. तिथल्या कपाटातून औषध घेतलं, परत तेच. बारा दिवस एकटाच हिंडतोय बर्फात. किनुएचं नाव द्यायला कुणी नाही. शेवटी एका घोड्याला दिलं. तो घोडाही दरीत पडला."

रांगेतला एक माणूस खुदकन हसला आणि लगेच म्हणाला, "मलाही पकडलं हो. माठ फोडला म्हणून."

हसण्यासारखंच होतं, पण तोकुकोला हसू आलं नाही. तीस वर्षं या देशातल्या खेळांचे नायक कुणाच्याही घरात बूट घालून शिरत आले, कपाटं उघडत आले, माठ फोडून त्यातली नाणी खिशात घालत आले, आणि घरमालक वर म्हणत आला, 'आज हवा छान आहे नाही?' ही आमच्या खेळांची रीत. कुणी शिकवत नाही, हात आपोआप जातो. समुद्रापलीकडे कपाटाला मालक असतो. एवढी एक ओळ पाटीवर असती तर अर्धं निप्पोनबाशी तुरुंगात गेलं नसतं. पण साच्यातून रडणंच तेवढं निघत होतं.

"हिरोबेसान, ती पाटी मी लिहिली नव्हती."

म्हाताऱ्याने पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अक्षर तर तुझं आहे, नेचान."

कॉम्प्युटर, साचा, कचेरी, हे सगळं सांगणं म्हणजे चोर पकडल्यावर चोराने केलेली बडबड वाटली असती. हिरोबेसानांनी जुना माल घेण्याच्या खिडकीत डबी विकली आणि वाकून नमस्कार करून गेले. नेहमी ते दारातून वळून हात करत. त्या दिवशी वळले नाहीत.

त्या आठवड्यात जुन्या मालाच्या खिडकीपुढे 'उत्तरेची राख'चीच रांग लागली. सात हजार आठशे येनला घेतलेली डबी आधी चार हजारात परत येऊ लागली, मग अठराशेत. न खपलेला माल बनवणाऱ्याकडे परत जात नाही, तो दुकानाच्याच गळ्यात राहतो, म्हणून नव्या डब्याही दारातल्या गाड्यात आल्या. दुकानाच्या तोंडाशी तो चाकांचा गाडा असतो, त्यात खेळ पडला की त्याची अब्रू गेली. येणारी-जाणारी शाळकरी पोरंसुद्धा बोट दाखवून म्हणतात, "गाड्यात गेला!"

तोकुकोने त्याच गाड्यातून एक डबी उचलली. नऊशे ऐंशी येन मोजून दिले, पावती घेतली. घरी यंत्रापुढे बसली तेव्हा तिच्या मनात त्या खेळाबद्दल काडीचं प्रेम नव्हतं. पाश्चात्य खेळ म्हणजे बटाट्याच्या तोंडाची माणसं आणि मातकट रंग, हे तिचं ठरलेलं मत. जिन्याखाली, जिथे एसीचं पाणी गळतं, तिथलं पाश्चात्य खेळांचं कपाट तिनेच लावलं होतं, आणि त्यावर मोठी पाटीही तिचीच: 'ज्याला झेपेल त्याने न्यावे.' लोक हसायचे. ती पाटी चौदा वर्षं तिथे होती.

दुकान अकराला उघडतं. ती रोज सहाला उठून दहापर्यंत खेळली. पहिल्याच घरात तिने पाव उचलला आणि तीही तुरुंगात गेली. सुटल्यावर तिने हात आवरायला शिकून घेतलं. मग हळूहळू तो बर्फाळ मुलूख उघडू लागला. कुणी तिची वाट बघत नव्हतं. तू निवडलेली आहेस, तूच जगाला वाचवणार आहेस, असं कुणी सांगत नव्हतं. एका खेड्यात तिने कुणा म्हातारीची विहीर साफ करून दिली आणि विसरून गेली. चाळीस तासांनी, तीन गावं पलीकडे, एका अनोळखी माणसाने तिला पैसे न घेता होडीतून नेलं. म्हणाला, माझ्या आईची विहीर तू साफ केलीस. गिरणीत चौदा वर्षं काढलेल्या बाईला याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेविसाव्या सकाळी तिने शेवट पाहिला. ती रडली नाही. रडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कोरडं, एकट्याचं समाधान होतं, थंडीत पाय चुलीशी धरल्यासारखं. तिला आला तो संताप. एवढा सरळ खेळ, आणि खोट्या स्तुतीने त्याला गाड्यात मारलं! शिव्या दिल्या असत्या तरी जगला असता. आणि दुसरा संताप स्वतःचा. जिन्याखालच्या त्या कपाटातला एक तरी खेळ तिने शेवटपर्यंत पाहिला होता? मग 'झेपेल त्याने' ती पाटी कुठल्या तोंडाने लिहिली होती? त्या दिवशी दुकानात शिरल्याबरोबर तिने आधी ती पाटी उतरवली. तिच्यामागे भिंतीचा रंग वेगळा राहिला होता.

त्याच दिवशी कुरामोची आला. नवा तक्ता, नवा शहाणपणा.

"सिद्ध झालं," तो म्हणाला. "जपानी गिऱ्हाइकाला पाश्चात्य आरपीजी पचत नाही. जिन्याखालचं कपाट काढून टाका. आता सगळा जोर 'चांदण्यांचा करार'च्या आठव्या भागावर. आपलं ते आपलं." आणि ओमिचिच्या हातात एक चपटा, हलका खोका ठेवला.

तोकुकोने तो ओमिचिच्या हातातून ओढूनच घेतला.

'शेवटी मी ढसाढसा रडले! जिवाला जीव देणारे सोबती, कधीही न विसरता येणारा प्रवास...'

तेच. विरामचिन्हासकट तेच. फक्त खेळाचं नाव बदललं होतं. हा भाग यायला अजून नऊ दिवस होते.

"काल अमेरिकेसाठी रडले, आज जपानसाठी रडते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि ओमिचि तिला ओळखत असल्यामुळे दोन पावलं मागे सरला. "कुरामोचीसान, तुम्ही यातला एक तरी खेळ खेळलात का हो? कुठलाही? अर्धा?"

"मी विक्रीचं बघतो."

"म्हणजे नाही."

"निशिवाकीसान, तुमचा करार मार्चमध्ये संपतो." त्याने एक कागद काउंटरवर सरकवला. अक्षर वापरायला संमती. खाली शिक्क्यासाठी गोल. "हा शिक्का झाला की करार पुढे चालू. नाही झाला तरी साचा आमच्याकडे आहेच. मग तुमची तेवढी गरज उरत नाही. विचार करा."

तिने विचार केला नाही. कागद बाजूला ठेवला, कपाटातून कोरा पुठ्ठा काढला आणि जाड पेन उचललं. उजव्या हाताने झाकण काढलं आणि पेन डाव्या हातात घेतलं.

आयुष्यात तिने डाव्या हाताने एक रेघ ओढली नव्हती. अक्षरं वाकडी पडली, पडली कसली, कोसळलीच. एक ओळ वर चढली, एक खाली घसरली. पाऊण तास लागला. दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, बघत राहिली.

'उत्तरेची राख. शेवट पाहिला. आधीची पाटी माझी नव्हती. इथे सोबती नाहीत, तुम्ही एकटे आहात. दुसऱ्याच्या घरातलं काही घेऊ नका, पावसुद्धा नाही. केलेलं काम फुकट जात नाही, पण वाट पाहावी लागते. मी रडले नाही. पुन्हा खेळणार आहे. निशिवाकी.'

खाली आणखी एक ओळ: 'यापुढे निशिवाकीची पाटी म्हणजे वाईट अक्षर. सुंदर अक्षरावर विश्वास ठेवू नका.'

"हे लावता येणार नाही," कुरामोची म्हणाला. "हे बालवाडीतलं वाटतं."

"साचा करा याचा," तोकुको म्हणाली. "करून बघा. चांगलं अक्षर तुम्हीच ठेवा, पन्नास वर्षं वापरा. मी ते सोडलं." तिने बाहेर जाऊन ती पाटी गाड्याच्या दांड्याला दोरीने बांधली. संमतीचा कागद कोराच राहिला.

कुरामोचीने ओमिचिकडे पाहिलं. काढा ती, असं त्या बघण्यात होतं. ओमिचि दारापर्यंत गेला. पाटी वाचली. परत वाचली. मग आत येऊन म्हणाला, "गाठ फार घट्ट मारलीय त्यांनी," आणि मागच्या खोलीत निघून गेला. अठरा वर्षांत त्याच्या हातून झालेलं हे एवढंच धाडस. तोकुकोने त्याबद्दल त्याचे आभार मानले नाहीत. फार उशिरा झालं होतं ते.

कुरामोचीने टोकियोला फोन लावला. तो बोलत असतानाच दुपार झाली. रस्त्यापलीकडच्या उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानातून हिरोबेसान बाहेर पडत होते. नेहमीच्या सवयीने दुकानाकडे वळले, मग आठवलं असावं, सरळ चालू लागले. पण गाड्यावरची वाकडी पाटी दिसली तसे रस्ता ओलांडून आले. चष्मा पुसला. त्या पाटीवर त्यांना बराच वेळ लागला.

"नेचान, हे कुणाचं अक्षर?" त्यांनी दारात आलेल्या तोकुकोला विचारलं.

"माझं."

"भयंकर आहे."

"असू दे. यापुढे असंच."

त्यांनी गाड्यात हात घातला, डबी काढली, उलटीपालटी केली. सात हजार आठशेला घेऊन अठराशेला विकलेल्या खेळासाठी आणखी नऊशे ऐंशी मोजायचे म्हणजे म्हाताऱ्याच्या जिवावर येत होतं. ते त्यांनी लपवलं नाही. "लुटारू आहात सगळे," ते म्हणाले. मग: "पाव घ्यायचाच नाही?"

"हात लावायचा नाही."

"आणि भूक लागली तर?"

"काम मागायचं. लाकडं फोडायची, विहीर उपसायची. देतात ते."

"हं," हिरोबेसान म्हणाले. "आणि घोडा?"

"दरीच्या कडेने नेऊ नका."

ते पैसे काढेपर्यंत तोकुको काउंटरमागे गेली. फोन कानाला लावलेला कुरामोची तिच्याकडे बघत होता. त्याच्या देखत तिने नव्या खोक्यातल्या 'चांदण्यांचा करार'च्या पाट्या काढल्या, गठ्ठाच, आणि फाडायला लागली. पुठ्ठा जाड होता, एका वेळी दोनच फाटत होत्या. तिला घाई नव्हती. मार्च यायला अजून अवकाश होता, आणि तो आठवा भाग ती विकत घेऊन शेवटपर्यंत खेळणार होती.